केबिनमध्ये बसवून राजीनामा लिहून घेतला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं नोकरी, क्वालिटीमध्ये, पदाचं नाव 'सीनियर एक्झिक्युटिव्ह', हातात मिळून ३६ हजार पगार. नऊ दिवसांपूर्वी फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला एचआरने केबिनमध्ये बोलावलं, मोबाईल टेबलावर ठेवायला लावला, आधीच प्रिंट केलेला राजीनामा पुढे सरकवला आणि सांगितलं, सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर, नाही केलीत तर टर्मिनेशन, आणि मग या पट्ट्यात कुठे नोकरी मिळते ते बघा. तीन तास बसवून ठेवल्यावर सही केली. त्याच दिवशी आयकार्ड काढून घेतलं. आता घरचे म्हणतात सही केलीस ना, मग संपलं. खरंच संपलं का?

नाही दादा, संपलेलं नाही. पण नऊ दिवस गेलेत आणि आजची रात्र वाया घालवायची नाहीये, म्हणून आधी काय करायचं ते सांगते आणि मग का ते सांगते. मी बावीस वर्षं पुण्यात कामगार न्यायालयात प्रॅक्टिस करतेय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दहातल्या निदान तीन-चार जणांची गोष्ट हीच असते, फक्त केबिन वेगळी.

आज रात्री कंपनीच्या एचआरला आणि प्लँट हेडला मेल करा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत करा, काही बिघडत नाही, कामगार न्यायालयात मराठी चालते. भाषा साधी ठेवा, शिव्या नाहीत, धमक्या नाहीत, गयावया पण नाही. साधारण असं: "अमुक तारखेला दुपारी साडेतीन ते साडेसहा मला एचआर केबिनमध्ये बसवून ठेवलं, माझा मोबाईल काढून घेतला आणि तुम्ही तयार केलेल्या राजीनाम्यावर नोकरी घालवण्याची भीती दाखवून माझी सही घेतली. हा राजीनामा मी स्वखुशीने दिलेला नाही, मी तो मागे घेतो. मी आजही कामावर हजर व्हायला तयार आहे, मला कामावर घ्या." शेवटचं वाक्य विसरू नका. कामावर यायला तयार आहे हे वाक्य ज्याच्या कागदात नसतं त्याला पुढे उलटतपासात दोन-दोन तास छळतात, की तुम्हाला नोकरी नकोच होती, तुम्हाला पैसेच हवे होते.

उद्या सकाळी हेच पत्र कागदावर सही करून स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती घ्या, पावती आणि पत्राची झेरॉक्स एकत्र पिन करून ठेवा. आणि परवा तुमच्या शिफ्टच्या वेळेला युनिफॉर्म घालून गेटवर जा. हो, खरंच जा. आत सोडणार नाहीत हे मला माहितीये आणि तुम्हालाही माहितीये. वॉचमनशी भांडू नका, त्याची काही चूक नाही, तोही ठेकेदाराचाच माणूस. पाच-दहा मिनिटं थांबा, गेटच्या बाहेर एक फोटो काढा आणि बाजूच्या चहाच्या टपरीवर उभं राहूनच मेल टाका, आज सकाळी पावणेसात वाजता कामावर हजर व्हायला आलो होतो, मला आत सोडलं नाही. तेवढ्या एका मेलवर मी पूर्वी केस उभी केलेली आहे.

आता का ते सांगते. कंपनीने तुम्हाला कामावरून कमी केलं असतं तर त्यांना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागला असता, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून, म्हणजे तुमच्या हिशेबाने नोटिशीचे ३६ हजार आणि भरपाईचे साधारण १ लाख ९८ हजार. शिवाय त्याच कामावरचे ज्युनिअर लोक ठेवून सीनियरला का काढलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं, कारण नियम शेवटी आलेला आधी जातो असा आहे, आणि माणसं किती आहेत त्यावर सरकारची परवानगी लागली असती ती वेगळीच. एखाद्या चुकीसाठी काढायचं तर आरोपपत्र, चौकशी अधिकारी, तुम्हाला साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी, हे सगळं करावं लागलं असतं. राजीनामा मिळाला की यातलं काहीच नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही स्वतःहून गेलात, मग छाटणीही नाही आणि बडतर्फीही नाही. एवढी सगळी कटकट एका सहीत वाचते म्हणून तर त्या सहीसाठी तीन तास बसवून ठेवतात. दोन महिन्यांचा पगार उपकार म्हणून देतायत असं तुम्हाला वाटलं असेल, आकडे शेजारी-शेजारी मांडून बघा.

आणि ग्रॅच्युइटी यात धरू नका. ती तुमचीच आहे, राजीनामा दिला तरी तुमची, काढलं तरी तुमची. बेसिक अधिक डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. तुम्ही बेसिक-डीए २० हजार लिहिलंय, म्हणजे अकरा वर्षांचे १ लाख २६ हजार ९२३ रुपये, आणि ती तीस दिवसांत द्यायची असते. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी ज्या नव्या कामगार संहिता आल्यात, त्यांच्याप्रमाणे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात धरायचा असतो, त्यामुळे आकडा थोडा वाढू शकतो, पूर्ण सॅलरी स्लिप बघितल्याशिवाय मी तो लिहीत नाही. एचआरवाले बऱ्याचदा एकच मोठा आकडा सांगतात, "तुम्हाला अडीच लाख मिळतायत", आणि त्यात ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, बोनस सगळं तुमचंच घातलेलं असतं. प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा.

आता सहीचं. जबरदस्तीने घेतलेली संमती ही संमती नाही, हे करार कायद्याचं अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात ते तत्त्व आहे आणि राजीनाम्यालाही ते लागू होतं. पण ती जबरदस्ती होती हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं साधन म्हणजे तुम्ही नंतर किती दिवसांत काय केलंत. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर उत्तम, नवव्या दिवशी लिहिलं तरी चालतं, सहा महिन्यांनी कुणी सांगितलं म्हणून लिहिलं तर न्यायाधीश विचारणारच, की इतके दिवस कुठे होतात? मध्ये आजारी होतात, धक्का बसला होता, गावाला गेला होतात, जे खरं असेल ते लिहा, बनवू नका.

राजीनामा मान्य होऊन अमलात येण्याआधी मागे घेता येतो, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. आपल्याकडचंच उदाहरण, कोकण रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याचं, २०२४ मध्ये निकाल लागला. तेवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने राजीनामा दिला, नंतर मागे घेतला, रेल्वेने ऐकलं नाही, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि कोर्टाने त्याला परत कामावर घ्यायला लावलं, मधल्या काळाचा अर्धा पगारही द्यायला लावला. तुमच्या बाबतीत कंपनी म्हणणार की आम्ही त्याच दिवशी, त्याच टेबलावर मान्य केला. म्हणून नुसतं 'मागे घेतो' लिहून भागत नाही, 'माझ्या इच्छेने दिलाच नव्हता' हे आधी लिहायचं, वर दिलेल्या मजकुरात तो क्रम मुद्दाम तसा ठेवलाय.

एक प्रकरण सांगते म्हणजे पुरावा कसा असतो ते कळेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच कंपनीतले सात जण आले, सगळ्यांची एकाच दुपारी सही घेतलेली. किराणा दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन आले होते, कुणाकडे काहीच धड नाही. मी सातही राजीनामे टेबलावर ओळीने मांडले. सगळ्यांचा फॉन्ट एक, सगळ्यांत "वैयक्तिक कारणास्तव", आणि एकाच्या राजीनाम्यात त्याच्या स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. उलटतपासात एचआर मॅनेजरला मी एवढंच विचारलं, हे कागद कुणाच्या प्रिंटरवर छापले? मशीनवर काम करणाऱ्या कामगाराला तुमच्या ऑफिसचा प्रिंटर वापरता येतो का? माणूस स्वतःचं आडनाव चुकीचं लिहितो का? सात जणांना एकाच दुपारी वैयक्तिक कारण कसं निघालं? चौथ्या प्रश्नाला ते गप्प बसले. आणि पंचिंगचं रेकॉर्ड मागवलं तेव्हा शिफ्ट साडेतीनला सुटूनही सातही जणांचं आऊट पंच संध्याकाळी साडेसहाच्या पुढचं होतं. स्वखुशीने राजीनामा देणारा माणूस शिफ्ट सुटल्यावर तीन तास काय करत होता, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं.

तुमच्याकडेही तुमचं आऊट पंच आहे. त्या दिवशी बस चुकली असेल तर बसच्या ड्रायव्हरला माहीत असेल. बाहेर आल्याबरोबर बायकोला फोन केला असेल तर कॉल लॉगमध्ये वेळ आहे, मित्राला व्हॉट्सॲपवर "सही घेतली रे" असं टाकलं असेल तर तो मेसेज पुरावा आहे. काहीही डिलीट करू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल करून ठेवा. आणि अजून कुणाची अशी सही घेतली असेल तर त्यांना शोधा.

बरेच जण विचारतात, आवाज रेकॉर्ड केला तर चालतो का. तुम्ही स्वतः त्या बोलण्यात असाल तर साधारणपणे चालतो, टेप केलेलं संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतं हे सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७२ सालीच सांगितलंय, फक्त मूळ फोन जपून ठेवावा लागतो आणि सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमचा फोन टेबलावर होता म्हणजे तो मार्ग गेला, पण आता एचआरचा फोन येईल, नक्की येईल, मेल मिळाल्यावर दोन दिवसांत गोड आवाजात येईल. तो रेकॉर्ड करा आणि फोनवर कसलाही होकार देऊ नका, एवढंच म्हणा, जे असेल ते मेलवर लिहून द्या.

आता 'सीनियर एक्झिक्युटिव्ह'चं. कंपनीचा वकील पहिल्या तारखेला हेच म्हणणार की हे कामगार नाहीतच, एक्झिक्युटिव्ह आहेत. घाबरू नका. कायदा पदाचं नाव बघत नाही, तुम्ही दिवसभर हाताने आणि डोक्याने काय करता ते बघतो. तुम्ही लिहिलंय की व्हर्नियर आणि गेज घेऊन पार्ट तपासता, रिपोर्ट भरता, रिजेक्शनचा टॅग लावता. तुमच्या हाताखाली कुणी आहे का? कुणाची रजा तुम्ही मंजूर करता का? कुणाला मेमो देता का? नाही ना, मग तुम्ही तांत्रिक काम करणारे कामगार आहात. कामगार धरण्यासाठी १८ हजार पगाराची जी मर्यादा लोक ऐकून असतात ती फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांसाठी आहे, जुन्या कायद्यात ती १० हजार होती. तांत्रिक, कुशल किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. आज बसून एका कागदावर तुमचा दिवस लिहून काढा, सकाळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत, तासातासाचा. वकिलाला फीपेक्षा आधी तो कागद द्या.

कुठे जायचं? दोन रस्ते आहेत आणि दोन्हीवर एकाच वेळी चालता येत नाही, हे नीट वाचा.

पहिला महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा, १९७१चा, ज्याला आम्ही कोर्टात नुसतं 'यूएलपी' म्हणतो, अनुचित कामगार प्रथांचा. सूड म्हणून, खोट्या कारणाने, हेतू वाईट ठेवून काढून टाकणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब आहे. याचा फायदा असा की तुम्ही थेट कामगार न्यायालयात तक्रार दाखल करता आणि अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, मागता येतो. तोटा असा की मुदत फक्त ९० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि त्यातच वर्ष जातं. हा राज्याचा कायदा आहे, नव्या औद्योगिक संबंध संहितेने जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यांत हा नाही.

दुसरा रस्ता कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे दोन्ही बाजूंना बोलावतात, तडजोड होते का बघतात, आणि ४५ दिवसांत काही झालं नाही तर तुम्ही पुढे न्यायाधिकरणाकडे जाऊ शकता. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षांची मुदत होती, आता दोनच वर्षांची आहे. अजून लोक तीन वर्षांच्या भरवशावर बसलेले मला भेटतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

तुमच्यासारख्या प्रकरणात, ९० दिवस शिल्लक असताना, मी बहुतेक वेळा यूएलपी टाकते. पण ज्याला नोकरी परत नकोच आहे, फक्त हिशेब नीट हवाय, त्याला आयुक्त कार्यालयातली तडजोड जास्त उपयोगी पडते, कारण तिथे कंपनीचा माणूस समोर बसतो आणि दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी आकडा निघू शकतो. म्हणून आधी घरी बसून ठरवा, तुम्हाला त्या गेटच्या आत परत जायचंय का. यात लाज वाटायचं काही कारण नाही, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त वकिलाला एक आणि बायकोला दुसरं सांगू नका.

पैशाची चिंता तुम्ही लिहिली आहे, मुलीची फी, घराचा हप्ता. दुसरी नोकरी धरली तर केस जाते का? जात नाही. पोट थांबत नाही हे न्यायाधीशांनाही कळतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मधला पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो दुसरीकडे कमवत होता असं मालकाला म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करावं. पण तुम्ही शपथेवर खोटं सांगायचं नाही. कुठे काम केलंत, किती मिळाले, ते सांगा, तेवढे वजा होतील, बाकीचे मिळतील. लपवलं आणि पीएफच्या नोंदीत सापडलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. असं झालेलं मी बघितलंय आणि ती हार फार वाईट लागते, कारण माणूस खरा होता.

खात्यात फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे, पैसे आले तर? वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, तुमचे नऊ दिवस होऊन गेले तरी आलेला नाही, हेही त्या मेलमध्ये लिहा. आले तर परत पाठवायची गरज नाही, त्याच दिवशी मेल करा की ही रक्कम मी माझा हक्क राखून, हरकतीसह घेतलीय. मात्र "मला सर्व रक्कम मिळाली, माझी कोणतीही मागणी नाही" अशा कागदावर सही करायची नाही, रिलीव्हिंग लेटर अडवून धरलं तरी नाही. पीएफचं खातं तसंच राहू द्या, घाईने सगळं काढू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, बायकांनाही नाही. हेल्पलाईन १५१०० आहे. कंपनीत युनियन असेल तर पदाधिकाऱ्यांना भेटा, तुम्ही सभासद नसलात तरी भेटा, कारण त्या दुपारी आणखी कुणाकुणाला केबिनमध्ये बोलावलं ते त्यांना माहीत असतं.

तुमच्या प्रश्नाखाली एका ताईंनी विचारलंय की त्यांना सातव्या महिन्यात असाच राजीनामा मागतायत. ताई, सही करू नका, एवढंच आधी. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा तुमचा हक्क आहे आणि त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. रजेचा अर्ज आजच लेखी द्या, प्रसूतीची अपेक्षित तारीख घालून, मेलवर. अर्जाची तारीख राजीनाम्याच्या मागणीच्या आधीची असली तर फार बरं, पण आज दिला तरी द्याच. राजीनामा तोंडी मागतायत ना, तर तुम्ही मेलवर विचारा, "काल मला राजीनामा द्यायला सांगितलं, त्याचं कारण कृपया लेखी कळवा." उत्तर बहुधा येणार नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्या मेलनंतर मागणीही थांबते.

दादा, परत तुमच्याकडे येते. मला भेटा किंवा दुसऱ्या कुठल्या वकिलाला, येताना अपॉइंटमेंट लेटर, जमतील तेवढ्या सॅलरी स्लिपा, पहिल्या महिन्याची तर हवीच, इन्क्रिमेंटची पत्रं, पीएफचं पासबुक, त्या दिवसाचा कॉल लॉग आणि तासातासाचा तो कागद घेऊन या. राजीनाम्याची कॉपी तुम्हाला दिली नाही असं तुम्ही लिहिलंय, ती मेलमध्ये मागा, नाही दिली तर कोर्टातून मागवू. सही घेतली त्या तारखेपासून ९० दिवस मोजा आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी लाल पेनाने गोल करा, तुमची तक्रार त्या गोलाच्या आत दाखल झालेली हवी.